इटलीची वाइन आणि आमचे द्राक्षारिष्ट

गेल्या काही वर्षांत पुण्यातील वैद्यांच्या चिकित्सालयांत एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे. रुग्ण सुशिक्षित असतो, बहुधा चाळिशीच्या पुढचा असतो, परदेशी जाऊन आलेला असतो किंवा मुलांकडे जाऊन आलेला असतो. तो नाडी दाखवून झाल्यावर हळूच विचारतो, ‘‘वैद्यराज, रात्री जेवताना एक पेला रेड वाइन घेतली तर चालेल ना? शेवटी ते द्राक्षासवच!’’ औषधालय चालविणाऱ्या आमच्या बंधूंनाही हाच प्रश्न उलट बाजूने येतो. ‘‘द्राक्षासव म्हणजे आपली देशी वाइनच की हो?’’ असे म्हणत गिऱ्हाईक बाटली उचलतो.

या प्रश्नास आपल्यापैकी कित्येक जण हसून उत्तर देतात आणि त्या हसण्याचा अर्थ रुग्ण आपल्या सोयीने लावतो. काही जण तर ‘‘द्राक्षे हृद्यच आहेत’’ असे म्हणून अनुमतीही देऊन टाकतात. आमच्या मते हे दोन्ही अयोग्य आहे. वाइन म्हणजे काय हे वैद्याने नीट समजून घ्यावे, ज्यास तिचा आस्वाद घ्यावयाचा असेल त्याने तो डोळसपणे घ्यावा, यास आमचा विरोध नाही. परंतु तिला औषधाची वस्त्रे चढविण्याचे काम वैद्याने करू नये, आणि आपल्या आसवारिष्टांना वाइनच्या पंक्तीस बसू देऊ नये. हे सांगण्यासाठी आम्ही मुद्दाम इटलीचे उदाहरण घेत आहोत, कारण वाइनला ‘आहाराचे अंग’ म्हणून वागविण्याची परंपरा तेथे दीर्घ काळ टिकून आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की इटलीची वाइन ही आपल्याकडे कालपरवा आलेली वस्तू नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइनचा उल्लेख असून तीतही इटलीच्या वाइनला अधिक मागणी असल्याचे म्हटले आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर येथून भडोचकडे जाणाऱ्या मालाचेही वर्णन आहे. डेक्कन कॉलेजने नेवासे येथे केलेल्या उत्खननात परदेशी कुंभांची खापरे मिळाली, ती याच व्यापाराची साक्ष होय. म्हणजे आपल्या संहितांचे संस्करण चालू होते त्या सुमारास सातवाहनांच्या मुलखाचे इटलीच्या मद्याशी नाते जडले होते. असे असूनही कोणा ग्रंथकाराने त्या परदेशी मद्यास औषधकल्पात बसविले नाही, हे लक्षणीय आहे.

इटलीत एकूण वीस प्रांत आहेत आणि त्या सर्वांत द्राक्षमद्य होते. त्यामुळे ‘इटालियन वाइन’ असा शब्दप्रयोग जवळजवळ ‘भारतीय भाजी’ इतका ढोबळ ठरतो. तेथील मनुष्य ‘इटालियन वाइन’ पीत नाही. तो कियांती पितो, बारोलो पितो, सोआवे पितो. कियांती हे तस्कानी प्रांतातील टेकड्यांचे नाव आहे, बारोलो हे पियेमोंतेमधील एका गावाचे. मद्याचे नाव गावावरून पडते आणि ते गावाचे म्हणून जपले जाते. तस्कानीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने १७१६ साली फर्मान काढून कियांतीसह चार प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. त्या सीमेबाहेरील माल त्या नावाने विकण्यास मनाई केली. आधुनिक काळात १९६३ साली इटलीने ‘नियंत्रित मूळस्थान’ असा कायदा केला. कोणत्या गावच्या हद्दीत, कोणत्या जातीची द्राक्षे, दर हेक्टरी किती उत्पन्न, किती काळ मुरवण, मद्यार्काची किमान टक्केवारी किती, हे सारे त्यात ठरलेले असते. त्याहून वरची ‘हमी’ असलेली श्रेणी १९८० पासून प्रत्यक्षात आली आणि तिचा पहिला मान बारोलो, ब्रुनेल्लो यांसारख्या मोजक्या मद्यांना मिळाला. या श्रेणीतील प्रत्येक बाटलीच्या मानेवर क्रमांक असलेली सरकारी पट्टी चिकटविलेली असते.

एक दोन नियम पाहिले म्हणजे या शिस्तीची कल्पना येईल. बारोलो केवळ नेब्बियोलो या एकाच जातीच्या द्राक्षांपासून करावी लागते आणि किमान ३८ महिने मुरवावी लागते; त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. कियांती क्लासिकोमध्ये किमान ८० टक्के सांजोवेसे असावी लागते. नवे मद्य गुरू व त्रिदोषकर, जीर्ण मद्य त्याच्या उलट, हा वाग्भटाचा सिद्धांत आपण पदवीच्या पहिल्या वर्षी पाठ केलेला असतो. पियेमोंतेच्या शेतकऱ्याने वाग्भट वाचलेला नाही. परंतु नवी नेब्बियोलो जिभेस किती तुरट व कर्कश लागते आणि तीन चार वर्षांनी तीच कशी निवळते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

हे सर्व दूरदेशीचे झाले. पण सांजोवेसे पाहावयास आता इटलीस जाण्याची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या परिसरात ती उभी आहे. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियन भाषेत ‘भाऊ’. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, अशा तीन भावांच्या जोड्यांनी २००० नंतरच्या दशकात हा उद्योग उभारला आणि तस्कानीतील अनुभवी मद्यकार पिएरो मासी यांस बोलाविले. त्यांच्या प्रमुख वाइनचे नाव ‘सेत्ते’, म्हणजे ‘सात’. सहा भाऊ आणि सातवे मासी. तीत सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों या जाती वापरल्या जातात. साखर कारखान्यांच्या आणि उसाच्या मुलखात हा प्रयोग व्हावा याचे आम्हांस कौतुक वाटते. (पुणे जिल्ह्यात याच्याही आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावी श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच पद्धतीने फेसाळणारी वाइन करून ती परदेशी पाठविली होती. तो उद्योग पुढे बंद पडला.)

तथापि वेल तीच असली तरी भूमी आणि काल निराळे. तस्कानीत वेल हिवाळ्यात पाने झाडून झोपी जाते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून तिला दोनदा जागे करावे लागते व तोडणी हिवाळ्याच्या अखेरीस येते. देश आणि काल यांनी द्रव्याचे गुण पालटतात हे आपण औषधी वनस्पतींबाबत रोज म्हणतो. अकलूजची सांजोवेसे ही कियांतीची नक्कल म्हणून न पाहता अकलूजची म्हणूनच चाखावी, असे आमचे मत आहे. मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, नाशिकच्या वाइनला भौगोलिक निर्देशांक आहे. परंतु ‘हे गाव, ही जात, एवढेच उत्पन्न’ अशी इटलीसारखी बंधने आपल्याकडे अद्याप रुजलेली नाहीत.

आता आस्वादाविषयी. वाइनचे जाणकार जी लांबलचक परिभाषा वापरतात तिने वैद्याने बुजून जाण्याचे कारण नाही. आपल्या जिभेस सहा रसांची ओळख शिकविलेली आहे. ती येथे पुरेशी आहे. लाल वाइनमध्ये हिरड्या आणि गालफडे आवळून धरणारा जो भाग, तो कषाय रस. तो द्राक्षांच्या सालीतून व बियांतून येतो. म्हणूनच सालीसह आंबविलेल्या लाल वाइनमध्ये तो अधिक आणि साल काढून आंबविलेल्या पांढरीत नगण्य. जिभेच्या कडांना लाळ सुटते तो अम्ल. गिळल्यावर घशात व छातीत ऊब जाणवते ती मद्यार्काची तीक्ष्णता. सांजोवेसेत अम्ल व कषाय दोन्ही ठळक असतात. म्हणून तस्कानीत ती ऑलिव्ह तेल, चीज, भाजलेले मांस अशा स्निग्ध अन्नाबरोबर घेतात. स्निग्धतेस कषाय व अम्ल तोलून धरतात. ताकाने किंवा सोलकढीने आपल्याकडे जे काम होते, त्याच जातीचे हे काम आहे. याच कारणाने तिखटजाळ सोलापुरी रस्स्याबरोबर जड लाल वाइन घेणे आम्हांस रसहीन वाटते. तिखटाची आग मद्यार्काने वाढते आणि तुरटपणा कडवट होतो. तेथे घ्यावयाचीच असेल तर थंड, अम्लप्रधान पांढरी वाइन बरी.

आणखी एक व्यावहारिक सूचना. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानास प्यावी’ हे वचन युरोपातील थंड तळघरांच्या काळचे आहे. ते तापमान १६ ते १८ अंशांचे. पुण्यात मे महिन्यात खोलीच्या तापमानाची वाइन म्हणजे काढाच. बाटली अर्धा तास शीतकपाटात ठेवण्यात कोणताही अरसिकपणा नाही. ग्रीष्मात मद्य घेऊच नये, घेतले तर अत्यल्प आणि पुष्कळ पाणी घालून घ्यावे, असे अष्टांगहृदयात ऋतुचर्येत सांगितले आहे. प्राचीन रोमन लोकही वाइनमध्ये पाणी मिसळून पीत, हे येथे सहज आठवले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग द्राक्षारिष्टाशी तुलना केल्याने बिघडते काय? संहितांत मद्यवर्गातच अरिष्ट आणि मार्द्वीक शेजारी शेजारी मोजले आहेत. चरकाने सूत्रस्थानात नऊ योनींचे चौऱ्याऐंशी आसव सांगितले, त्यांतील फलासवांत मृद्वीका आहेच. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. परंतु त्याच ग्रंथांत त्याचे उत्तरही आहे. द्राक्षांपासून केलेल्या मद्यास स्वतंत्र नाव आहे: मार्द्वीक. वाग्भटाने त्याचे गुण दिले: लेखन, हृद्य, फार उष्ण नाही, मधुर, सर, पित्त व वात अल्प प्रमाणात वाढविणारे. चरकाने कफपित्तप्रधान प्रकृतीस मार्द्वीक आणि वातप्रधानास गुळाचे व पिठाचे मद्य, असा भेदही केला. अरिष्टाविषयी मात्र वाग्भटाचा निर्देश वेगळा आहे: अरिष्ट ज्या द्रव्यांपासून केले त्यांचे गुण त्यात उतरतात. म्हणजे अरिष्टात कार्य द्रव्यांचे. मद्य हे त्या द्रव्यांना धारण करणारे व शरीरात पोचविणारे साधन. शार्ङ्गधराच्या द्राक्षारिष्टात द्राक्षांसह त्वक्, एला, पत्र, नागकेशर, प्रियंगु, मरिच, पिप्पली, विडंग आहेत आणि ते उरःक्षत, क्षय, कास, श्वास यांसाठी योजिले आहे. सांजोवेसेच्या बाटलीत पिप्पली नाही आणि ती कासासाठी केलेलीही नाही. तेव्हा रुग्णास द्यावयाचे शास्त्रीय उत्तर असे: वाइन हे मार्द्वीक मद्य आहे, आणि द्राक्षारिष्ट हे औषध आहे.

मात्रेचा हिशेब तर याहून बोलका आहे. द्राक्षारिष्टाची मात्रा १२ ते २४ मिलीलिटर, जेवणानंतर, समभाग पाण्यासह. त्यात मद्यार्क १० टक्के धरला तरी एका पूर्ण मात्रेतून पोटात जातो तो २.४ मिलीलिटर. वाइनचा सर्वसाधारण पेला १५० मिलीलिटरचा आणि मद्यार्क १३ टक्के. म्हणजे साडेएकोणीस मिलीलिटर. एक पेला म्हणजे द्राक्षारिष्टाच्या आठ मात्रा. ‘तेच ते’ म्हणणाऱ्या रुग्णासमोर हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवावेत. अधिक बोलावे लागत नाही. उलट मधुमेही रुग्णास हेही सांगावे की कोरड्या वाइनमध्ये शर्करा जवळजवळ संपलेली असते, परंतु आपल्या आसवारिष्टांत गूळ वा साखर बरीच शिल्लक असते. ‘औषध आहे, मग काय होते’ असे येथे चालणार नाही.

‘हृद्य’ या शब्दाचा आजकाल फार गैरवापर होतो. १९९० च्या दशकात फ्रेंच लोकांच्या हृदयाचे रहस्य लाल वाइनमध्ये आहे, असा एक विचार जगभर पसरला आणि द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचे पोवाडे गायले गेले. ते द्रव्य वाइनच्या एका लिटरमध्ये काही मिलिग्रॅमच असते. पुढील संशोधनाने ती आशा टिकविली नाही. मद्ययुक्त पेयांची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मनुष्यास कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात केली होती. आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यास पूर्णतः निर्धोक अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही, असे स्पष्ट केले. आपल्या शास्त्रास हे नवे वाटू नये. मदात्ययचिकित्सेत चरकाने मद्याचे दहा गुण सांगितले आणि ते ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध आहेत हे दाखवून दिले. त्याच अध्यायात विधिपूर्वक पानाचे रम्य वर्णनही आहे: ऋतूस साजेसे स्थान, पुष्पे, अनुकूल सोबती, हितकर अन्न. चरकाने आनंद नाकारला नाही आणि जोखीमही लपविली नाही. आमच्या काही सहव्यवसायींनी त्यातील पहिला अर्धा भागच पाठ केलेला दिसतो.

म्हणून न पिणाऱ्यास ‘हृदयासाठी’ प्यावयास सांगणे हा चिकित्सादोष आहे, असे आम्ही निःसंकोच म्हणतो. पिणाऱ्यास प्रकृती, अग्नी, यकृत, चालू औषधे पाहून मर्यादा सांगावी. गर्भिणी, यकृत्‌विकारी, अम्लपित्ती आणि पूर्वी व्यसनातून सुटलेला रुग्ण यांस स्पष्ट नकार द्यावा. खुद्द मद्याच्या लेबलावर आरोग्यविषयक दावा करण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी मनाई केली आहे. जो दावा मद्य विकणारा करू शकत नाही, तो वैद्याने तोंडी करावा, हे शोभत नाही.

आता औषधालयांच्या मालकांशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. इटलीची शिस्त आम्ही वर वाखाणली. ती केवळ रसिकतेतून आलेली नाही. १९८६ च्या मार्च महिन्यात तेथे स्वस्त वाइनचा मद्यार्क वाढविण्यासाठी मिथेनॉल मिसळल्याचे उघड झाले. वीसच्या आसपास माणसे दगावली, कित्येकांची दृष्टी गेली, निर्यात कोसळली. ज्यांनी काहीच केले नव्हते त्या शेतकऱ्यांचीही वाइन कोणी घेईना. त्यानंतर तेथील उद्योगाने प्रमाणापेक्षा गुणवत्तेचा मार्ग धरला आणि १९९२ साली मूळस्थानाचा कायदा नव्याने बांधला.

हे परदेशातील जुने प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, ‘आसव-अरिष्ट’ या नावाने किराणा दुकानांतून विकले गेलेले सिरप पिऊन माणसे मृत्युमुखी पडली. रक्ताच्या तपासणीत मिथेनॉल आढळल्याचे पोलिसांनी सांगितले. ते पिणारे रुग्ण नव्हते. त्यांनी ते मद्य म्हणूनच घेतले होते. आणि बाटलीवर नाव होते आपले. ‘द्राक्षासव म्हणजे देशी वाइन’ हा विनोद ज्या दुकानात चालू दिला जातो, तेथून या घटनेपर्यंतचे अंतर फार नाही. नियमाने आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क काही अपवाद वगळता १२ टक्क्यांहून अधिक असू नये. परंतु ४५० मिलीलिटरची बाटली एका बैठकीत रिकामी करणाऱ्यास १० टक्केही दोन पेल्यांहून अधिक होतात. एकच व्यक्ती आठवड्यात चार बाटल्या नेत असेल तर ती कशासाठी नेते, हे काउंटरवरील मुलासही कळते. तेथे विक्री थांबविणे मालकाच्या हातात आहे.

याहून पुढची अपेक्षा उत्पादकांकडून आहे. तीनशे रुपयांची साधी इटालियन बाटली इटलीतील दुकानात हातात घेतली तरी तिच्यावर प्रदेश, मद्यार्काची त्या बाटलीची टक्केवारी आणि बहुधा तोडणीचे वर्षही मिळते. आमच्या द्राक्षारिष्टाच्या बाटलीवर घटकांची यादी, ग्रंथाधार, घाण क्रमांक व निर्मितीची तारीख असते, परंतु मद्यार्काची बहुधा कमाल मर्यादाच छापलेली असते. त्या घाणाची प्रत्यक्ष टक्केवारी नसते. मनुका तासगावची की अफगाणिस्तानची, कोणत्या हंगामाची, धायटीची फुले किती जुनी, संधान किती दिवस चालले, शेष शर्करा किती, यांतील काहीही वैद्यास कळत नाही. मग एका घाणाचे अरिष्ट लागू पडले आणि दुसऱ्याचे पडले नाही, तर कारण कोठे शोधावयाचे? ही माहिती छापण्यास कायद्याची आडकाठी नाही. मोठ्या उत्पादकांकडे प्रत्येक घाणाचे पृथक्करण होतेच. आकडा कागदावर आहे, तो लेबलावर यावयाचा आहे. लहान औषधालयांस एवढे जमणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु रविवार पेठेतील व्यापाऱ्याकडून मनुका व धायटी घेताना पावतीवर गाव आणि हंगाम लिहून घेणे, आणि तीच नोंद घाणाच्या वहीत उतरविणे, यास नवे यंत्र लागत नाही. येत्या तोडणीची मनुका बाजारात येईल तेव्हापासून हे सुरू करता येण्यासारखे आहे.